न विचारणारा क्लब

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला की मी तो उचलायचं टाळतो. बायको म्हणते, "उचला की, आत काय वाघ बसलाय?" वाघ परवडला. तो एकदाच काय ते खाऊन मोकळा होतो. फोनवरची माणसं माझी टीम दर आठवड्याला थोडी थोडी खातात. "कॅप्टन, उद्या जमणार नाही." बस, एवढंच वाक्य, आणि माझी रात्रीची झोप गेली.

मी फ्रिज दुरुस्त करतो. आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून त्यांच्या फ्रिजच्या पाठी खरवडतो आणि रविवारी आमच्या हौशी क्रिकेट क्लबचा कॅप्टन होतो. हौशी म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही असा. आमच्यात एक दंतवैद्य आहे, एक वायरमन आहे, माझा सख्खा मेहुणा विकेटकीपर आहे (त्याच्या हातून सुटलेल्या कॅचेसबद्दल मी घरी बोलायचं नाही, असा बायकोचा दम आहे), आणि बाकी असेच इकडचे-तिकडचे. पूर्वी आम्ही खूप होतो. मग कुणाचं लग्न झालं, कुणाला जुळं झालं, कुणाचा गुडघा गेला, कुणाची नोकरी दुसऱ्या शहरात गेली. नवी पोरं येतात, दोन मॅच खेळतात आणि मोबाइलवर क्रिकेट खेळायला घरी जातात. त्यात ऊन लागत नाही.

माझ्या आधीचे कॅप्टन होते एक निवृत्त मास्तर. कुणी येत नाही म्हणालं की ते उलटतपासणी घ्यायचे. का येणार नाही? कोण आजारी? ताप किती? डॉक्टर कुठला? माणसं आधी खोटं बोलायला लागली, मग खोटं बोलून कंटाळली आणि शेवटी यायचीच थांबली. एकाने तर तीच मावशी दोनदा मारली. दुसऱ्यांदा मास्तरांनी पकडलं, आणि त्या दिवशी आमचा सगळ्यात चांगला स्पिनर आम्हाला कायमचा सोडून गेला.

म्हणून मी कॅप्टन झाल्यावर एकच कायदा केला. कारण विचारायचं नाही. नाही आलास? ठीक. परत आलास? पॅड बांध. कुणाच्या घरात काय चाललंय, कोण का गेला, का आला, काही नाही. आणि काय सांगू, जादूच झाली. गेलेले दोघे-तिघे परत आले. एक तर दीड हंगाम गायब होता. आला, बॅग ठेवली, मी म्हटलं, "तू आज पाचव्या नंबरला," आणि तो गेला पॅड बांधायला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मला स्वतःचा फार अभिमान वाटला. क्लब जगवायची किल्ली आपल्याला सापडली, असं मी मेहुण्यापाशी फुशारकीने बोललोही. मेहुणा म्हणाला, "भावजी, हा कायदा घरी पण लावा ना." त्याने हे आपल्या बहिणीला सांगू नये म्हणून त्याला चहा पाजावा लागला.

तरी त्या हंगामात आमची कंबर मोडलेली होती. आमच्या लीगचा नियम असा, की मैदानात आठ गडी नसतील तर मॅच समोरच्या टीमची. असं हंगामात दोनदा झालं की क्लब लीगमधून बाहेर, आणि मैदान मागून रांगेत उभ्या असलेल्या क्लबला. आमचं एकदा झालेलं होतं. पावसाने, फ्लूने आणि एकाच्या साखरपुड्याने मिळून आमचे सहाच गडी उरले होते. आता पुन्हा झालं की आम्ही संपलो. नंतर शोधूनही आमचं नाव सापडलं नसतं.

त्या रविवारी माझ्यासकट नऊ जण जमणार होते. घड्याळने तर आठवड्याच्या सुरुवातीलाच येतो म्हणून सांगून ठेवलं होतं.

घड्याळ म्हणजे आमचा ओपनर. खरं नाव आहे त्याला, पण ते कुणी वापरत नाही. तो इतका वेळेवर यायचा की मैदानाचं फाटक उघडणारा माळीसुद्धा त्याला बघून चहा टाकायचा. कित्येक वर्षं खेळतोय. गोरा, सडपातळ, चष्मा, बोलणं कमी. कुठल्याशा ऑफिसात आहे. किंवा होता. मला नक्की माहीत नव्हतं. एकदा किटची बॅग द्यायला मी त्याच्या इमारतीपर्यंत गेलो होतो, तेही फाटकाबाहेरूनच परत आलो.

दुपारच्या टॉसची वेळ झाली तरी घड्याळ आला नाही.

"येईल," वायरमन म्हणाला. कुणी काही विचारलं नाही. आठ गडी होते, आम्ही टॉस हरलो, फिल्डिंगला उतरलो. मी स्लिपमध्ये उभा राहिलो आणि मनात म्हटलं, आठ आहेत, आज तरी वाचलो.

तीन-चार ओव्हर झाल्या असतील. दंतवैद्य मिडऑफवरून चालत माझ्याजवळ आला. "कॅप्टन, घड्याळला परवा नेटमध्ये लागलं होतं ना?"

लागलं होतं. शेजारच्या नेटमधून कुणीतरी मारलेल्या पुल शॉटचा चेंडू आला होता. घड्याळने हेल्मेट काढून खाली पडलेला चेंडू उचलायला मान वाकवली होती, आणि हा कानाच्या मागे बसला. आवाज वाईट आला होता. पण तो खाली बसला, पाणी प्यायला, हसला. मी लांबून अंगठा वर केला, त्यानेही अंगठा वर केला. म्हणजे झालं, असं मला वाटलं.

"नंतर त्याला उलटी झाली का? डोकं दुखत होतं का?"

"मला काय माहीत?"

"तू विचारलं नाहीस?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही एकाच वेळी उमगलं की त्या दिवसापासून घड्याळशी आमच्यातलं कुणीही बोललेलं नाही.

"मी दात काढतो, मेंदू नाही," दंतवैद्य म्हणाला. "पण डोक्याच्या माराचं असं असतं. आत हळूहळू रक्त साठत जातं. माणूस दोन दिवस ठीक फिरतो आणि मग..."  पंचांनी त्याला हाक मारली, तो जागेवर गेला.

 ओव्हर संपल्यावर मी बाउंडरीवर ठेवलेला फोन उचलला आणि त्याला लावला. न आलेल्याला मॅचच्या दिवशी फोन करायचा नाही, हेही माझ्याच कायद्यातलं. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा पंच ओरडले, "कॅप्टन, खेळायचंय की गप्पा मारायच्यात?"

मी परत स्लिपमध्ये आलो. खरं सांगतो, तेव्हाच जायला हवं होतं. पण मी गेलो की सात उरणार होते. सात म्हणजे मॅच त्यांची, आणि आम्ही बाहेर. इतक्या वर्षांचं सगळं, दर शनिवारची ती विनवणी, ते फोन, ते लोकांना गाडीत घालून आणणं, सगळं माझ्या एका चालण्याने संपणार होतं. आणि समजा तो घरी निवांत झोपलेला असला तर? दार उघडून म्हणाला, "काय रे, कंटाळा आला म्हणून नाही आलो," तर? मग मी काय तोंड दाखवणार या सात जणांना?

मी स्वतःला समजावत राहिलो. एक कॅच थेट छातीवर आला. मला दिसलाच नाही. चेंडू लागून खाली पडला, मेहुणा किंचाळला, "भावजी!" समोरचे हसले. माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ होता, बाथरूमच्या फरशीवर पडलेला, नळ चालू, आणि खाली कुठेतरी फोन वाजतोय. तो माझाच फोन. एकदा मनात शिरल्यावर ते चित्र जाईना. प्रत्येक चेंडूला ते थोडं अजून स्पष्ट व्हायचं.

पुढची ओव्हर संपली आणि मी पंचांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, कडक. "मला जावं लागेल."

"जा. पण मैदान सोडलंत की मॅच त्यांची. मला दुसरं काही लिहिता येत नाही."

समोरचा कॅप्टन भला माणूस होता. तो म्हणाला, "माझं चाललं असतं तर मी थांबलो असतो हो." पण त्याच्या हातात काही नव्हतं, आणि त्याच्या टीमला पॉइंट हवे होते. मी त्याला दोष देत नाही.

मी माझ्या सातांकडे बघितलं.  मग मेहुणा ग्लोव्हज काढत म्हणाला, "भावजी, जा. काय बघताय आमच्याकडे? आम्ही कायद्याने तुम्हाला कारण विचारू शकत नाही." त्याचा आवाज कापत होता, म्हणून कुणी हसलं नाही.

गाडीत माझे बूट ब्रेकवरून घसरत होते. सगळे सिग्नल माझ्यावरच रुसले होते. मी मोठमोठ्याने बोलत होतो, देवाशी की घड्याळशी मला माहीत नाही. "ऊठ रे बाबा. दार उघड. मला शिव्या दे. हवं तर म्हण की कंटाळा आला होता." इमारतीखाली वॉचमनला वर्णन सांगितलं, त्याने मजला सांगितला. लिफ्टची वाट बघायची ताकद नव्हती. स्पाइक्सचे बूट घालून मी जिना चढलो.

बेल दाबली. आत काही नाही. पुन्हा दाबली. माझा हात दारावर बडवायला वर गेला आणि दार उघडलं.

घड्याळ उभा होता. पांढऱ्या कपड्यांत. एका पायाला पॅड बांधलेलं, उलटं. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात बॅट. माझ्याकडे बघून त्याने छान हसून विचारलं, "टॉस झाला का?"

जिवात जीव आला आणि दुसऱ्या क्षणाला गेला. कारण टॉस होऊन तास उलटून गेला होता. आणि त्याच्या शर्टावर पुढे सगळीकडे वाळलेली उलटी होती.

"आलोच," तो म्हणाला, "ही, ही काय ती, ही बांधतो." पॅड हा शब्द त्याला सापडेना. तो माझ्याकडे असं बघत होता, की मी तो शब्द द्यावा. "कधीपासून बांधतोय. संपतच नाही."

मी त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. तिथूनच त्याला कमरेला धरलं आणि लिफ्टमध्ये घातलं. तो नको म्हणाला नाही. बॅट मात्र सोडेना. वॉचमनला मी ओरडून हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि म्हटलं, कुणी आलं त्याच्या घरी तर सांग. कोण येणार ते मला माहीत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्याला यंत्रात घालून बाहेर काढलं. कवटीच्या आत रक्त साठलं होतं. डॉक्टरीण तरुण होती, भरभर बोलणारी. "फार नाही. औषध सुरू केलंय. आत्ता बोलण्यात सुधारणा आहे. पण लक्ष ठेवावं लागेल. वाढलं तर डोकं उघडावं लागेल, मग थांबता येणार नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"कॅप्टन," मी म्हटलं. ती माझ्या मातीने माखलेल्या गुडघ्यांकडे बघून पुढे गेली.

नाव नोंदवायच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, आधीचा काही आजार? कुठलं औषध चालू आहे? जवळचे नातेवाईक कोण? मी प्रत्येक वेळी म्हणालो, माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही. घड्याळचा फोन त्याच्या खिशात नव्हता, घरीच वाजत राहिला असणार. खिडकीवरच्या माणसाने शेवटी विचारलं, "तुमची ओळख किती दिवसांची?" कित्येक वर्षांची, असं सांगताना मला लाज वाटली.

वॉर्डात संध्याकाळी गर्दी होती आणि नर्स एकटी. ती मला म्हणाली, "मी येऊन तपासत राहीन. मधल्या वेळात तुम्ही त्यांना प्रश्न विचारत राहा. साधे. उत्तर बरोबर येतंय ना बघा. चुकलं की लगेच मला हाक मारा. एकसुद्धा चुकलं तरी. संकोच करू नका."

मी खुर्ची ओढली. 

"आज वार कोणता?"

"रविवार."

"मी कोण?"

"कॅप्टन." डोळे मिटलेले, पण बोलत होता.

"आपल्याकडे तिसऱ्या नंबरला कोण खेळतं?" बरोबर. "कीपर कोण?" "तुझा मेहुणा. पकडत नाही." बरोबर. अगदी बरोबर. मी एकापाठोपाठ एक विचारत गेलो. कोण डावखुरा, मैदानाच्या कुठल्या टोकाला उतार आहे, मास्तर काय ओरडायचे. सगळं बरोबर. हळूहळू माझी छाती जरा सैल झाली.

नर्स आली आणि मागे उभी राहून ऐकत होती. "हे खेळाचं काय चाललंय? ते वर्षानुवर्षांचं असतं, तोंडपाठ असतं. रोजचं विचारा. घरचं विचारा."

"घरी कोण कोण असतं तुझ्या?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

डोळे न उघडताच तो म्हणाला, "बायको. माहेरी गेलीय. संध्याकाळी येते."

नर्सने माझ्याकडे बघितलं. "बरोबर?"

 बरोबर की चूक? त्याला बायको आहे? मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. कधी ऐकलेलंही नव्हतं. मॅचला कधी आली नाही, तिचा फोन आला नाही, तिच्या नावाने त्याने कधी काही पुढे ढकललं नाही.

"बरोबर आहे का, सांगा ना!" नर्स म्हणाली.

मी बाहेर धावलो. मी मेहुण्याला फोन केला होता, त्यामुळे आमचे सातही जण तोपर्यंत आले होते, मळक्या पांढऱ्या कपड्यांत बाकावर ओळीने बसलेले. मॅच गेली होती, क्लब गेला होता, आणि त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. मी विचारलं, "घड्याळचं लग्न झालंय?"

वायरमन म्हणाला, "नाही, एकटाच आहे बहुतेक." मेहुणा म्हणाला, "घटस्फोट झाला ना त्याचा? की तो दुसरा?" दंतवैद्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.  सात जणांत एकालाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "मला वाटतं, ती वारली."

नर्स दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचा चेहरा बदलला. "म्हणजे चुकलंय," ती म्हणाली आणि डॉक्टरणीला बोलवायला पळाली.

त्यानंतर सगळं फार पटपट झालं. पलंगाची चाकं मोकळी केली. कुणीतरी केस कापायचं मशीन आणलं. माझ्यासमोर सहीसाठी कागद आला, आणि डॉक्टरीण म्हणाली, "नातेवाईक सापडत नसेल तर आम्हाला आमच्या जबाबदारीवर करावं लागेल. तुम्ही निदान साक्षीला सही करा." मी पेन धरलं.  आमच्या अज्ञानापायी एका माणसाचं डोकं उघडणार होते, की त्याच अज्ञानापायी त्याचा जीव जाणार होता? दोन्हीपैकी कुठलं, हे मला कळत नव्हतं, आणि कुणालाही कळणार नव्हतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

लिफ्ट उघडली. एक बाई बाहेर आल्या, खांद्याला प्रवासाची बॅग, केस विस्कटलेले. आमचे पांढरे कपडे बघून त्या थेट आमच्याकडे वळल्या आणि जवळजवळ धावतच आल्या. मी कागद टाकून त्यांची वाट अडवली. 

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको," त्या म्हणाल्या. "माहेरी गेले होते. वॉचमनने सांगितलं. कुठे आहेत ते?"

"सिस्टर!" मी सगळा कॉरिडॉर दणाणून टाकला. "सिस्टर, बायको आहे! बरोबर आहे! उत्तर बरोबर आहे!" मेहुणा हमसून हमसून रडायला लागला. पलंग दारातच थांबला. डॉक्टरणीने घड्याळच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, त्याला दोन प्रश्न विचारले, बाईंकडून उत्तरं पडताळली आणि केस कापायचं मशीन परत पाठवलं. "थांबू," ती म्हणाली. "पण सकाळपर्यंत विचारत राहायचं. धोका गेलेला नाही."

बाई त्याच्या उशाशी बसल्या, त्याचा हात धरून. तो झोपेत काहीतरी पुटपुटला.  मी समोरची खुर्ची ओढली. त्या म्हणाल्या, "तुम्ही दमलात. घरी जा. मी विचारते त्यांना."

"आळीपाळीने विचारू," मी म्हटलं. "तुमचा डोळा लागला तर? पण आधी मला सगळं सांगा. मुलं किती, त्यांची नावं काय, तो कुठे कामाला जातो, आई-वडील आहेत का. मला उत्तरं माहीत नाहीत."

त्यांनी खांद्यावरची बॅग उतरवून खाली ठेवली. मग सांगायला लागल्या. मुलगी एक, दुसऱ्या गावात शिकते. मी ते मनाशी दोनदा म्हणून घेतलं. मागे दार उघडल्याचा आवाज आला. दंतवैद्य, मेहुणा, वायरमन, सगळे एकेक करून आत आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून ऐकायला लागले. नर्स एवढी गर्दी बघून ओरडायला आली होती, पण दार हळूच ओढून घेऊन परत गेली.